दुष्काळ, श्रद्धा आणि पंडिता रमाबाई: केडगावच्या माळावर काय घडलं

भीमाकाठची

परवा दुसऱ्या एका धाग्यावर वाद चालला होता, की श्रद्धाळू माणूस संकटात हातपाय हलवत नाही, देवावर हवाला टाकून बसतो. तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा. मला पंडिता रमाबाईंबद्दल लिहायचं आहे. शाळेच्या पुस्तकात त्या 'समाजसुधारक' म्हणून चार ओळींत येतात आणि संपतात. त्यांच्या आयुष्यात श्रद्धा नेमकी काय काम करत होती, ते त्या चार ओळींत कुठेच येत नाही.

सुरुवात भुकेपासून करायला हवी. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून स्वकीयांचा रोष ओढवून घेतलेला माणूस. गंगामूळच्या रानात राहायला गेले, तिथेच 1858 साली रमाबाईंचा जन्म. पुढे कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळांत पुराण सांगत हिंडायचं. मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण आणि उरेल ते दानधर्मात. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा आधी दागिने गेले, मग भांडीकुंडी गेली, आणि एक दिवस तांदळाचा शेवटचा दाणा संपला. दृष्टी गेलेल्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करतो. शास्त्र्याच्या मुलाने मजुरी करायची ही त्या घरात केवढी गोष्ट असेल, विचार करा.

वडील गेले 1874 मध्ये. त्यामागोमाग काही महिन्यांत आई आणि बहीण. आई अखेरच्या दुखण्यात अन्न मागत होती, म्हणून रमाबाई शेजारच्या घरी गेल्या. भीक मागायला तोंड उघडेना, नुसते डोळे वाहत होते. त्या बाईने बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. तो आईपर्यंत पोचला, पण तिच्यात खायचंही त्राण उरलं नव्हतं. तिरडीला खांदेकरी मिळेनात. कशीबशी दोन माणसं तयार झाली, तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी, खांद्याला खांदा पुरेना, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

नंतर बहीणभाऊ हजारो मैल पायी फिरले. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हतं, तर वाळूत खड्डे करून त्यात झोपायचे आणि अंगावर वाळू ओढून घ्यायचे.

याच काळात त्यांची लहानपणची श्रद्धा मोडली. सगळी व्रतं केली, सगळं दान दिलं, एकही नेम चुकवला नाही, तरी घर उपाशी मेलं. 1878 मध्ये कलकत्त्याला पोचल्या तेव्हा तिथल्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरव केला, पण आत सगळं रिकामं होतं. 1880 मध्ये भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जात ओलांडून नोंदणी विवाह केला, मुलगी मनोरमा झाली आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. तेव्हा रमाबाईंनी वयाची चोविशीही गाठली नव्हती.

पुढचं सविस्तर लिहितेच. पण माझा मुद्दा इथेच सांगून टाकते. वारशाने आलेली श्रद्धा सांभाळत त्या जगल्या नाहीत. ती मोडली, नवी शोधली, आणि त्या नव्या श्रद्धेने त्यांना बसून राहू दिलं नाही, कामाला जुंपलं.

अभंगवेडा

ताई, फार चांगला विषय काढलात. वाचताना देहूची आठवण झाली. 1630 च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा गेला, धंदा बुडाला. त्यानंतरच ते पांडुरंगाकडे पूर्ण वळले आणि सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली अशी परंपरा आहे. दुष्काळाने एकाची श्रद्धा घट्ट केली, दुसरीची मोडली. तरी दोघांनीही त्यानंतर स्वतःपुरतं पाहिलं नाही.

रमाबाई हिंदू धर्म सोडून ख्रिस्ती झाल्या याचं वारकरी म्हणून मला वाईट वाटतं, ते लपवत नाही. पण आईची तिरडी डोक्यावर घेणाऱ्या मुलीला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

न्यू जर्सीकर

अमेरिकेतला धागा मी जोडतो. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या पदवीदानाला रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. आल्या त्या समारंभापुरत्या, राहिल्या दोन वर्षांहून जास्त. गावोगाव व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. विधवांच्या शाळेला दहा वर्षं मदत करायची असं असोसिएशनने ठरवलं. त्या पैशावर 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन निघालं. पहिल्या विद्यार्थिनींत बालविधवा गोदूबाई होत्या, ज्या पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या.

आमच्या इथे आनंदीबाईंवर कार्यक्रम होतात, रमाबाईंवर फारसे होत नाहीत. धर्मांतरामुळे आपल्या मंडळींना अवघड वाटतं, हेच खरं कारण.

साधा प्रश्न

रमाबाईंच्या कष्टांबद्दल आदर आहेच. पण एक विचारतो, राग मानू नका. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मुलीला तुम्ही अन्न देता, निवारा देता आणि त्याच आवारात तुमचा धर्मही शिकवता. ती पुढे ख्रिस्ती झाली तर तो तिचा स्वतंत्र निर्णय म्हणायचा का? 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसं शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडली. ही काही कर्मठ मंडळी नव्हती. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. टिळकांचा विरोध सोडा, रानड्यांचं काय?

भीमाकाठची

साधा प्रश्न, राग कशाला? हा प्रश्न धाग्यावर यायलाच हवा होता.

दोन संस्था वेगळ्या ठेवून पाहायला हव्यात. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलं होतं. मुली आपापले आचार पाळत, त्यांच्या सोवळ्याओवळ्याची वेगळी सोय होती. रमाबाई स्वतः प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं आणि काही मुली आत जाऊन बसायच्या. त्यावरून वाद पेटला. दार लावून घ्या, एवढं केलं असतं तरी वाद पुष्कळसा शमला असता. त्यांनी लावलं नाही. माझ्या घरात मी माझ्या देवाची प्रार्थना दार बंद करून का करू, ही त्यांची भूमिका. रानड्यांचीही बाजू मला कळते. पालकांना शब्द देऊन त्यांनी मुली सदनात पाठवायला लावल्या होत्या, त्या शब्दाची जबाबदारी त्यांच्यावर होती. पुढे 1896 मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, त्याला या वादाचीही पार्श्वभूमी आहे. म्हणजे त्या भांडणातून विधवांना एकाऐवजी दोन दारं उघडली.

दुष्काळातल्या मुली-बायकांसाठी काढलेलं केडगावचं मुक्ती सदन मात्र उघड ख्रिस्ती होतं, लपवाछपवी नव्हती. तिथे तुमचा प्रश्न जास्त टोचतो आणि तो टोचायलाच हवा. पण त्याच्या शेजारी आणखी एक प्रश्न ठेवा. 1897 मध्ये त्या मुलींसमोर दुसरा कुठला पर्याय होता?

मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं तेव्हा रमाबाई आधी स्वतः पाहायला गेल्या. सरकारी अनाथगृहं आणि मदत छावण्या पाहिल्या. तिथले मुकादम आणि पहारेकरी तरुण मुलींचं काय करतात, बाहेर कोण दलाल टपून बसलेत, हे त्यांनी शंकेला जागा राहणार नाही इतक्या स्पष्टपणे लिहिलं. त्यांनी स्वतः ती वाट चाललेली होती, त्यामुळे रस्त्याकडेच्या मुलीला पाहून तिच्यावर काय गुदरणार हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. हातात पैसे नव्हते. दहा वर्षांची अमेरिकन मदत संपत आली होती. तरी सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या.

आणल्या कुठे? पुण्यात तेव्हा प्लेग. शहरात एवढी माणसं आणायला बंदी. मग शहराबाहेर तंबू, आणि तिथून केडगाव. पुणे–दौंड रेल्वेवरच्या या गावाजवळ त्यांनी शंभरेक एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. अमेरिकेची मदत थांबल्यावर शाळा चालावी म्हणून तिथे फळझाडं लावायची असा बेत होता. तो माळ असा उपयोगाला आला. ज्या बाईला 'देव बघून घेईल' असं मनापासून वाटत होतं, तीच बाई मदत बंद व्हायच्या कितीतरी आधी जमीन घेऊन झाडं लावत होती. माझ्या मूळ मुद्द्याला याहून चांगला पुरावा मला सापडत नाही.

शुश्रूषा

डॉक्टर म्हणून एक भर घालते. दुष्काळग्रस्त माणसाला आणलं आणि जेवू घातलं, इतकं ते सोपं नसतं. महिनोन् महिने उपाशी असलेल्या शरीराला एकदम पोटभर अन्न दिलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने खाली येतं आणि हृदय बंद पडून माणूस दगावू शकतो. आज आम्ही याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतो आणि रक्ततपासण्या करत हळूहळू आहार वाढवतो. तेव्हा तपासण्या नव्हत्या. त्यात खरूज, जुलाब, डोळे आलेले, गोवर, पटकी. तीनशे आजारी मुली तंबूत आणि शेजारच्या शहरात प्लेग. यात कितीतरी मुली आल्यावरही दगावल्या असणार. अशा ठिकाणी जो प्रमुख असतो त्याला रोज कुणाचं तरी मरण पाहून पुन्हा सकाळी कामाला लागावं लागतं. मी हे साथीच्या काळात वॉर्डात अनुभवलं आहे. आमच्यातल्या काहींना देवाने तारलं, काहींना सहकाऱ्यांनी. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हतं त्यांनी नोकरी सोडली.

कोरडवाहू

मी बीडकडचा. आमच्या वडिलांनी 72 चा दुष्काळ काढला. खडी फोडायची, पाझर तलावावर माती टाकायची, सुकडी खायची, लाल मिलोची भाकरी खायची. म्हातारे अजून सांगतात की त्या साली भूक सोसली, पण हाताला काम होतं म्हणून मान खाली गेली नाही.

तर माझा प्रश्न असा, की रमाबाईंनी एवढ्या बायकांना नुसतं बसवून खाऊ घातलं का काम दिलं? माझ्या लेखी सगळं त्यावर आहे.

भीमाकाठची

कोरडवाहू, काम दिलं, आणि भरपूर दिलं. शेती, विहिरी, गाईगुरं, दूध, तेलाचा घाणा, हातमाग, टोपल्या विणणं, शिवण, धोबीकाम आणि छापखाना. छपाईचे खिळे जुळवणं, यंत्र चालवणं, बांधणी, सगळं बायका करत. 1900 च्या आसपास गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिकडूनही मुली आणल्या आणि आकडा दोन हजारांच्या घरात गेला. एका आवारात दोन हजार माणसं. रोजची भाकरी, पाणी, सरपण, संडास, झोपायची जागा, भांडणं. ज्यांनी गावच्या सप्त्याचं जेवण सांभाळलंय त्यांना आठवड्यात घाम फुटतो. इथे ते वर्षानुवर्षं.

हे एकटीने होत नाही. शारदा सदनात आधी शिकलेल्या मुली नव्या आलेल्यांच्या शिक्षिका झाल्या, त्यांना न्हाऊमाखू घालणाऱ्या झाल्या. ज्यांना 'पांढऱ्या पायाची' म्हणून घरातून टाकलं होतं त्यांच्या हाताखाली पन्नास-पन्नास मुली आल्या. समाजाने वाट चुकलेल्या ठरवलेल्या बायकांसाठी कृपा सदन वेगळं होतं. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जायचं, त्यात मनोरमेचा मोठा वाटा. रमाबाईंच्या नेतृत्वातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच: ज्यांना वाचवलं त्यांच्याच हाती कारभार दिला.

रातराणी

मी महिलांच्या निवारागृहात काम करते, त्यामुळे शेवटची दोन वाक्यं वाचून थांबले. आमच्याकडे येणाऱ्या बाईला पहिले काही आठवडे कुणी काही विचारू नये असं वाटतं. जेवते, झोपते, भिंतीकडे बघत बसते. तिला सावरतं ते बहुतेक वेळा समुपदेशन नाही. स्वयंपाकघरात कुणीतरी म्हणतं, "ताई, आज पोळ्यांचं तुम्ही बघाल का?" आणि ती कणकेच्या परातीपुढे बसते. चार दिवसांनी तीच दुसरीला सांगते, कणीक सैल झाली, पीठ घाल. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय हे कळलं की बाई उभी राहते. रमाबाईंना हे सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं, कारण त्या स्वतः त्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या.

मात्र साधा प्रश्न यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आमच्या संस्थेत आम्ही देवाचा फोटोही सामाईक खोलीत लावत नाही. जिला जायला दुसरं ठिकाण नाही तिच्यावर आपल्या श्रद्धेचं ओझं पडू नये म्हणून. रमाबाईंवर माझं प्रेम आहे, तरी या बाबतीत मी त्यांच्या बाजूने नाही.

साधा प्रश्न

रातराणी, आभार. मला हेच म्हणायचं होतं.

आणखी एक. पैसे मागायचे नाहीत, फक्त प्रार्थना करायची, असं धोरण होतं म्हणतात. मग पैसे आले कुठून? आणि गोऱ्या मिशनऱ्यांच्या पैशावर चालणारी संस्था सरकारच्या आणि चर्चच्या मुठीत नव्हती का?

भीमाकाठची

पैसे इंग्लंड-अमेरिकेतल्या आणि इतर ठिकाणच्या भाविकांकडून येत. दारोदार वर्गणी मागायची नाही हे खरं. पण केडगावहून इंग्रजी वार्तापत्र निघायचं, त्यात कामाची हकिकत असायची, आणि वाचणारे मदत पाठवायचे. ते चमत्काराने आले असं मी म्हणत नाही. प्रार्थनेमुळे त्यांना धीर मिळत होता, पत्रांमुळे पैसे मिळत होते.

मुठीत असण्याचं म्हणाल, तर इथे माझं उत्तर ठाम 'नाही' असं आहे. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर लगेच चर्चशी वाद सुरू. सिस्टर जेराल्डिन त्यांची धर्ममाता, रमाबाईंवर तिचा जीव होता. तिने क्रूस घालायला दिला, त्यावर लॅटिन अक्षरं. रमाबाईंनी विचारलं, लॅटिन का, संस्कृत का नको? चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या पुरुषांना शिकवणार असं निघालं तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी नको म्हणून कळवलं. रमाबाई उसळल्या. माझ्या वडिलांनी मला सभेत बोलायला शिकवलं, ते स्वातंत्र्य ख्रिस्ती झाल्यावर का सोडू, असा त्यांचा सूर होता. शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या, पांढरं लुगडं नेसल्या.

सरकारचं म्हणाल तर 1897 मध्ये प्लेगच्या छावण्यांत आणि इस्पितळात बायकांची काय दशा होते यावर त्यांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिलं. त्यांच्या संस्थेतली एक मुलगी तिकडे नेल्यावर बेपत्ता झाली होती. गव्हर्नराने आरोप फेटाळले, रमाबाई मागे हटल्या नाहीत. त्याच वर्षी 'केसरी'ही प्लेगच्या जुलमावर लिहीत होता. चार वर्षांपूर्वी एकमेकांसमोर उभे ठाकलेले दोघे एकाच अन्यायावर बोट ठेवत होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

अभंगवेडा

जोतीराव फुले रमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले होते हेही नोंदवून ठेवतो. 1885 मध्ये त्यांनी 'सत्सार' ही पुस्तिका काढली त्यात रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली आहे. सगळा महाराष्ट्र त्यांच्यावर तुटून पडला होता असं चित्र रंगवलं जातं, ते अर्धंच आहे.

न्यू जर्सीकर

शेवटच्या वर्षांबद्दल कुणी लिहा ना. मनोरमा आईच्या आधी गेली एवढंच मला माहीत आहे.

भीमाकाठची

हो. मनोरमा शिकून आली, आईचा उजवा हात झाली, पुढचा सगळा भार तीच उचलेल असं गृहीत होतं. 1921 च्या जुलैत ती गेली, चाळिशीच्या उंबरठ्यावर. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक मुलगी. तेव्हा रमाबाई साठी ओलांडलेल्या, कानाने अधू, अंगाने थकलेल्या.

त्या वेळी त्यांचं एक मोठं काम सुरू होतं. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. नवा करार 1913 मध्ये छापून झाला होता, जुन्याचं काम बाकी होतं. मुलीच्या मृत्यूनंतरही त्यांनी मुद्रितं तपासणं थांबवलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं, केडगावच्याच छापखान्यातून, दुष्काळातून आलेल्या बायकांनी खिळे जुळवून.

मनोरमा गेल्यावर लेखणी खाली ठेवली असती तर कुणी त्यांना नावं ठेवली नसती. त्यांनी ठेवली नाही. यामागे फक्त स्वभावाचा चिवटपणा होता असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. त्यांचं लिखाण वाचताना जाणवतं की आपण एकट्या नाही आहोत याची त्यांना खात्री होती, आणि त्या खात्रीवर त्या रोज उठत होत्या.

कोरडवाहू

संस्था आता चालू आहे का? दौंडला येणं होतं.

भीमाकाठची

चालू आहे. केडगाव स्टेशनापासून लांब नाही. आत बायका-मुली राहतात, त्यामुळे आधी विचारून जा. आणि जाण्याआधी रमाबाईंनी अमेरिकेवर लिहिलेलं 1889 चं मराठी प्रवासवृत्त मिळालं तर वाचा. दुष्काळाचं त्यात काही नाही, पण ही बाई परक्या मुलुखात काय काय टिपत होती ते कळेल.

साधा प्रश्न

दुष्काळाबद्दलचं त्यांचं लिखाण मी वाचायला घेतो. धर्मांतराबद्दलचं माझं मत अजून आहे तिथेच आहे. वाचून झालं की इथेच लिहीन, धागा वर आणायला हरकत नसेल तर.

रातराणी

जरूर आणा. वाचताना छावण्यांमधल्या मुकादमांबद्दलचा भाग सोडू नका. आमच्याकडे येणाऱ्या मुलींच्या जबाबात आणि त्यात फार थोडा फरक आहे.